'एकदाचा' या शब्दाबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमधल्या अतिरेक्यांवरून आपला दोघांचाही आवाज चढला. तू म्हणालास, "बाहेरच्या कुणीतरी फौज घालून या लोकांचा एकदाचा निकाल लावायला हवा," आणि मी म्हणाले, "इतकं सोपं असतं तर!" त्यावर तू फोन ठेवलास. वाद अर्धवट राहिला की मला झोप लागत नाही, म्हणून लिहायला बसले. तुझ्या वाक्यातला 'निकाल' मला खुपला नाही, 'फौज'ही नाही. खुपला तो 'एकदाचा'.

तुझा संताप कुठून आलाय ते मला कळतं. जुलै २०२५ मध्ये मालीतल्या कायेसच्या एका सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय कामगारांना बंदूकधाऱ्यांनी उचलून नेलं, तेव्हापासून तू तिथल्या बातम्या वाचतोस. पुढे सप्टेंबरपासून जेएनआयएमने, म्हणजे अल-कायदाशी बांधलेल्या तिथल्या संघटनेने, राजधानी बामाकोकडे जाणारे इंधनाचे टँकर जाळायला सुरुवात केली. ऑक्टोबर संपता संपता देशभरातल्या शाळा बंद ठेवायची वेळ आली. हे वाचून ज्याचं रक्त तापत नाही त्याच्याशी मी वादही घालणार नाही.

पण मालीत फौज गेली होती रे. तेच तर मला सांगायचं होतं.

१० जानेवारी २०१३ ला अतिरेक्यांनी कोना हे गाव घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी फ्रान्सची विमानं आली. मालीच्या हंगामी राष्ट्राध्यक्षांनीच मदत मागितली होती. तीन आठवड्यांच्या आत गाओ आणि टिंबक्टू मोकळी झाली. आदल्या वर्षी याच टिंबक्टूत सूफी संतांच्या कबरींवरच्या जुन्या इमारती कुदळींनी फोडल्या होत्या, गाण्याबजावण्याला बंदी होती, शिक्षा म्हणून हात तोडले जात होते. २ फेब्रुवारीला फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद तिथे गेले, तेव्हा लोक रस्त्यांवर नाचत होते. टीव्हीवर ते पाहताना मीही खूश झाले होते, आणि आजही त्या तीन आठवड्यांबद्दल मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, बरोबर केलं. ते गेले नसते तर काय झालं असतं, त्याची कल्पना करवत नाही.

गडबड त्यानंतरची. २०१४ मध्ये त्या मोहिमेचं नाव बदललं, आणि नावाबरोबर कामही बदललं. आधी होतं 'यांना अडवा'. आता झालं 'साहेलमधून (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या पट्ट्यातून) दहशतवाद संपवा', आणि तेही मॉरिटानिया, माली, बुर्किना फासो, नायजर, चाड अशा पाच देशांत, जेमतेम पाच हजारांपर्यंत सैनिकांनिशी. त्या पाच देशांचा आकार एकदा नकाशावर बघ. (इतिहास शिकवणाऱ्या बाईला नकाशा काढल्याशिवाय राहवत नाही, सवय आहे.) जोडीला संयुक्त राष्ट्रांचं शांतिदल होतं, त्यातली तीनशेहून जास्त माणसं गेली. एवढं करून अतिरेकी उत्तरेच्या वाळवंटातून देशाच्या मध्यात उतरले. असं का झालं असेल?

ओंकार, खरं सांगू? माझ्या मते या प्रश्नाचा गाभा बंदुकीत नाही, कुरणात आहे. मालीच्या मध्यभागी नायजर नदी पसरते. पूर ओसरला की तिथे गवत येतं आणि फुलानी लोक गुरं घेऊन उतरतात. कुणाचं कुरण, कुणाचं शेत, चराईपट्टी किती आणि ती घ्यायची कुणी, हे तंटे पिढ्यान्‌पिढ्यांचे. सरकारी अंमलदाराकडे जावं तर पैसे मागतो, कोर्टात जावं तर वर्षं जातात. तिथे जेएनआयएमच्या अमादू कूफा या नेत्याची माणसं आली. चराईपट्टी कमी करतो म्हणाली, आणि तंटा झाला तर जागच्या जागी निवाडा द्यायला लागली. निवाडा क्रूर असेल, पण झटपट मिळायचा. अफगाणिस्तानात तालिबानने हेच केलं: सरकारी न्यायाधीश तालुक्याला फिरकत नसे, यांचा काझी मोटारसायकलवर येऊन जमिनीचा वाद त्याच दिवशी मिटवून जाई. सोमालियात अल-शबाब ही अतिरेकी संघटना नाक्यावर ट्रकवाल्याकडून कर घेते आणि चक्क पावती देते. ती पावती दाखवली की पुढच्या नाक्यावर पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. सरकारी नाक्यावर ही हमी नाही.

आता यात परकी फौज काय करणार? ड्रोन पावती फाडत नाही. परक्या कॅप्टनला बांधाचा तंटा कळत नाही, कळावा अशी अपेक्षाही चूक. त्याला खाली दिसतात ती एकत्र जमलेली माणसं, आणि त्याला ठरवायचं असतं की ही कोण. जानेवारी २०२१ मध्ये बुंती गावाजवळ फ्रेंच विमानांनी असा एक जमाव टिपला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत निघालं की तिथे लग्न होतं, आणि मेलेल्या बावीस जणांपैकी एकोणीस साधे गावकरी होते. फ्रान्सने ते आजवर मान्य केलेलं नाही. त्या गावातल्या पोराने दुसऱ्या दिवशी कुणाचं ऐकलं असेल, सांग.

आणि हे फक्त गोऱ्या फौजांचं पाप आहे असं समजू नकोस. दोन लष्करी उठावांनंतर मालीच्या नव्या राज्यकर्त्यांनी फ्रेंचांना वाटेला लावलं, शेवटची तुकडी १५ ऑगस्ट २०२२ ला निघाली. त्याआधीच रशियाचे वॅग्नरवाले भाडोत्री सैनिक येऊन पोचले होते. मार्च २०२२ मध्ये मुरा गावात मालीचं लष्कर आणि हे परके सैनिक पाच दिवस होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अहवालाप्रमाणे किमान पाचशे माणसं मारली गेली. 'कठोरपणे करायला हवं' म्हणणाऱ्यांनी कठोरपणाही करून पाहिला. टँकर तरीही जळलेच.

तू इराकचा दाखला दिलास. तो चांगला आहे, म्हणून त्याला टाळत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये इसिसने सिंजारमध्ये यझिदी या अल्पसंख्य धर्माच्या लोकांची कत्तल सुरू केली, बायकामुलींना बाजारात विकलं, हजारो लोक डोंगरावर पाण्यावाचून अडकले. अमेरिकेने बॉम्ब टाकले आणि खाली कुर्द लढवय्यांनी वाट काढून दिली. मी याच्या बाजूने आहे. त्याच वर्षी मोसुलमध्ये आपले एकोणचाळीस मजूर इसिसने मारले, चार वर्षांनी त्यांचे अवशेष घरी आले. हे विसरून मी तटस्थपणाचा आव आणणार नाही. पण मोसुल परत घ्यायला नऊ महिने लागले, आणि जुलै २०१७ मध्ये शहर जिंकलं तेव्हा जुन्या भागात उभी भिंत शोधावी लागत होती. शिवाय २०१४ पासून अकरा वर्षं मागे जा. २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या प्रशासकाने एका हुकमाने इराकचं सैन्य मोडीत काढलं. शिकवलेली, हत्यारं चालवता येणारी लाखो माणसं एका दिवसात बेकार झाली. इसिसच्या लष्करी डोक्यांमध्ये सद्दामचे जुने अधिकारी सापडले, ते आभाळातून पडले नव्हते.

आपली स्वतःचीही एक गोष्ट आहे. तुझ्या पिढीला ती कुणी सांगत नाही, आमच्या पिढीला सांगायला आवडत नाही. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला आणि आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. तमिळ टायगर धर्मवेडे नव्हते, तेवढा फरक सोड. तिथल्या सरकारच्या संमतीने गेलो, तमिळांना वाटलं आपले लोक आले. तीन महिन्यांत आपण त्याच टायगरांशी जाफन्यात लढत होतो. पुढे कोलंबोत सरकार बदललं, आणि नव्या राष्ट्राध्यक्षांनी भारतीय सैन्य लवकर जावं म्हणून टायगरांनाच शस्त्रं पुरवली. सुमारे बाराशे जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागतालाही गेले नाहीत. वर्षभराने राजीव गांधींना त्याच टायगरांनी मारलं. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा तिथून परतला. तो याबद्दल कधीच बोलत नसे. 'आम्ही कुणाच्या बाजूने होतो?' एवढंच एकदा म्हणाला होता.

तू लगेच म्हणशील, श्रीलंकेत २००९ मध्ये एकदाचा निकाल लागलाच की! लागला. तो त्यांच्याच सैन्याने लावला, परक्याने नाही, आणि शेवटच्या महिन्यांत किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत कोंडलेले हजारो नागरिक त्यात गेले. 'एकदाचा' हा शब्द खरा करून दाखवायचा तर त्याची किंमत अशी असते. ती तुला मान्य असेल तर तसं स्पष्ट म्हण, मग आपण वेगळा वाद घालू.

परक्यांना यश आलंच नाही असंही नाही. मे २००० मध्ये सिएरा लिओनमध्ये बंडखोरांनी शांतिदलाचे पाचशेच्या आसपास सैनिक ओलीस धरले होते. ब्रिटिश आले आपली माणसं काढायला, पण राहिले आणि राजधानी वाचवली. जुलैमध्ये कैलाहूनला वेढ्यात अडकलेल्या गोरखा जवानांना आपल्या सैन्याने सोडवलं, तेही याच लढाईत. जानेवारी २००२ ला युद्ध संपलं. मात्र ते बंडखोर लोकांना नकोसे होते, त्यांच्याकडे देण्यासारखा न्याय नव्हता, होता फक्त कोयता. आणि ब्रिटिशांच्या मागे शांतिदलाचे सतरा हजारांवर सैनिक ठाण मांडून बसले, सत्तर हजारांहून जास्त लढवय्यांची हत्यारं काढून घेतली गेली. टीव्हीवर दिसतात ते पॅराशूटवाले. नोंदवह्या घेऊन हत्यारं मोजत बसलेले दिसत नाहीत.

मोझांबिकबद्दल मी अजून मत बनवलेलं नाही. २०२१ मध्ये रवांडाच्या हजार सैनिकांनी काही आठवड्यांत अतिरेक्यांकडून मोसिंबोआ दा प्राया बंदर परत घेतलं, हे नाकारता येत नाही. पण जवळच अब्जावधी डॉलर्सचा गॅसप्रकल्प नसता तर एवढी धावपळ झाली असती का, हेही मनातून जात नाही.

म्हणजे माझं म्हणणं काय? कत्तल चालू असेल, तिथलं सरकार किंवा मारले जाणारे लोक हाका मारत असतील, तर जावं, आणि उशीर करू नये. १९९४ मध्ये रवांडात कत्तल थांबवायला वेळेवर कुणी गेलं नाही, आठ लाखांच्या घरात माणसं मेली, ते जगाच्या अंगावर आहे. पण जाताना 'वार करणारा हात धरायला चाललोय' एवढंच म्हणावं. 'संपवायला' म्हणून गेलेला माणूस परत यायची तारीख सांगू शकत नाही, कारण ती त्याच्या हातातच नसते. पुढचं काम तंटे मिटवणाऱ्यांचं आहे, आणि ते तिथल्याच मातीतले लागतात.

आता एक गोष्ट कबूल करते. २००१ मध्ये मी तुझ्याच बाजूची होते. अमेरिका काबूलला गेली तेव्हा म्हटलं होतं, बरं झालं, सुटल्या तिथल्या बायका. वीस वर्षांनी १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान परत काबूलमध्ये आले, आणि सहावीनंतर मुलींची शाळा बंद झाली. मी वर जे जे लिहिलं ते त्या युद्धाला लागू पडतं: काझी, मोटारसायकल, चुकीच्या जागी पडलेले बॉम्ब, सगळं. पण त्या वीस वर्षांत ज्या मुली डॉक्टर झाल्या, वकील झाल्या, त्यांना 'ते सैन्य यायलाच नको होतं' असं तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. आणि पुन्हा सैन्य पाठवा, असंही म्हणवत नाही.

रविवारी फोन कर. तुला माझ्याशी भांडायचंच असेल तर माली सोड, अफगाणिस्तानपासून सुरुवात कर. तिथे माझी बाजू लंगडी आहे.

तुझी,
आई