तुझ्या आजीची ट्रंक

सातारा,
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

सप्रेम सलाम.

आज उपासना सुटली आणि पावसाने असा जोर धरला की निम्मी मंडळी व्हरांड्यातच अडकली. यवतेश्वरचा डोंगर तर दिसेनासाच झाला. तिथेच कुणीतरी तुझ्या आजीचा विषय काढला. घरी आलो, जेवलो आणि तडक लिहायला बसलो.

आपल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहायचं काम पाळकांनी माझ्याकडे दिलंय, हे तुला फोनवर बोललो होतो. दोन महिने झाले, मी बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या, वर्गणीच्या जुन्या वह्या वाचतोय. कागद असा झालाय की पान उलटताना श्वास रोखावा लागतो. काही पानांवर मोडी आहे. ती वाचायला ओळखीतल्या एका निवृत्त गुरुजींना बसवतो.

सुरुवात आपल्याला रविवारच्या शब्बाथशाळेत सांगायचे त्याच्याही आधीची निघाली. १८३४ साली अमेरिकन मिशनने महाबळेश्वरी मुलींची शाळा काढली, ती पुढे साताऱ्यात आली. म्हणजे पहिलं काम देऊळ बांधायचं नव्हतं, मुलींना अक्षर शिकवायचं होतं. मिशनरी साताऱ्यात कायमचे राहू लागले ते १८४९ पासून. आणि छत्रपतींचं राज्य खालसा झालं १८४८ मध्ये. ही दोन सालं एकाखाली एक लिहिताना माझा हात थांबला. मिशन अमेरिकेचं होतं, कंपनी सरकारचं नव्हतं, हे खरं. पण नुकतंच राज्य गेलेल्या गावाला गोरा माणूस गोराच दिसला असणार. अशा गावात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांना घरच्यांनी आणि आळीने काय काय ऐकवलं असेल! हे इतिहासात यायलाच हवं, असं मी समितीत सांगितलं. एक-दोघांना ते रुचलं नाही. पण झाकून ठेवलेल्या गोष्टीला इतिहास कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट पाण्याची. आपली बरीचशी घराणी महारवाड्यांतून आलेली. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना घडा बुडवायची मुभा नव्हती, ती माणसं इथे प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायला, इतरांच्या बरोबरीने बसली. आपण महिन्याच्या महिन्याला ते घेतो आणि घरी जाऊन जेवतो. त्या पहिल्या माणसांच्या हाताला कंप सुटला असेल रे. वर्गणीच्या वहीतले आणे-पैशांचे आकडे वाचताना मला सारखं तेच दिसत राहतं.

आता टिळकांविषयी. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला मिशनचं काम केलं, हे आपल्याला पाठच होतं. पण त्यांचं अखेरचं मोठं स्वप्न आपल्या साताऱ्यातलं आहे, हे मला या वयात नीट कळलं, याची खंत वाटते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि इथे ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना. मंडळीने परक्यांच्या पैशावर आणि परक्यांच्या चालीवर जगू नये, आपल्या अभंग-ओवीत, आपल्या टाळ-मृदंगावर देवाला आळवावं, हा त्यांचा ध्यास होता. जेमतेम दोन वर्षं मिळाली. मे १९१९ मध्ये मुंबईत ते गेले. दरबार टिकला नाही. पण आज सकाळी आपल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून जे गायलं ते त्यांचंच होतं, आणि पेटीवाला चुकला तरी कुणाचा सूर हलला नाही.

नंतरची सालं मी भराभर लिहून टाकली. १९२४ ला प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल या दोन पंथांच्या मंडळ्या एक झाल्या, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. महत्त्वाचं आहे, पण त्यात माणसं दिसत नाहीत.

माणसांवरूनच माझं घोडं अडलंय. मागे एका वर्धापनदिनाला छापलेलं पत्रक सापडलं. त्यात सगळे साहेब आहेत, त्यांच्या मडमा आहेत, पाळक आहेत. आणि मग एकच ओळ: ‘बायबल-बायांनीही खेड्यापाड्यांत पुष्कळ सेवा केली.’ बस्स! घरोघर जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगणाऱ्या या बाया, पण नाव एकीचंही नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी स्वतःची हकीकत स्वतः लिहिली म्हणून त्या आपल्याला कळल्या. ज्यांनी लिहिलं नाही त्या ‘बाया’च राहिल्या.

तुझी आजीही त्यांतलीच, आठव. खांद्याला कापडी झोळी, त्यात शुभवर्तमानाची छोटी पुस्तकं, चित्रांची गुंडाळी, खरजेच्या मलमाची डबी. कोरेगावच्या बाजूला पायी जायची आणि दिवेलागणीला परत यायची. माझी आई सांगायची, बाई आधी जात्यावर बसायच्या, त्या घरचं दळण दळता दळता ओव्या म्हणायच्या, आणि मग त्या घरातली सून आपण होऊन विचारायची, की बाई, ही कुणाची गोष्ट? माझ्या आईला अक्षरओळख तुझ्या आजीने करून दिली, चुलीच्या राखेत बोटाने गिरवून. मंडळी वाढली ती अशी, आणि हे कुठल्याच वहीत नाही.

म्हणून एक मागतो. तुमच्या पुण्याच्या घरी माळ्यावर तिची हिरवी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात पुठ्ठ्याच्या बांधणीची वही होती, ओव्या आणि गावांची नावं लिहिलेली. लहानपणी आपण तिला हात लावला म्हणून दोघांनीही मार खाल्ला होता. ती वही शोध. वाळवीने धरली असली तरी टाकू नकोस, आहे तशी ठेव. कुरिअरने पाठवू नकोस, दिवाळीच्या सुट्टीत तूच घेऊन ये. वहिनींनाही आण. दोन दिवस राहा, संगम माहुलीला जाऊ. वहीतली गावं घेऊन एखाद्या दिवशी गाडीने फिरूही. त्या घरांतलं कुणी आजही ओवी म्हणत असेल, तर मला ती ऐकायची आहे.

आणि एक काम मात्र आजच कर. आम्ही सगळे तिला ‘बाई’च म्हणायचो, तू ‘आजी’. मंडळीच्या वहीत ती ‘पाळकांच्या बहिणीची सून’ एवढीच आहे. वहीच्या पहिल्या पानावर तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं असेल. ते मला फोन करून सांग. इतिहासातल्या बायबल-बायांच्या यादीत तिच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे.

तुझाच