एम.ए. कोणतेही चालते?

मा. संपादक,
स. न.

कालच्या करिअर पुरवणीतील इतिहासाच्या पीएच.डी.विषयीचा लेख वाचला. एम.ए. कुठूनही करावे, 55 टक्के मिळवावेत आणि सारे लक्ष नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेवर ठेवावे, हा त्यातील सल्ला नियमांच्या दृष्टीने बिनचूक आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असल्यास एम.ए.चीही गरज उरत नाही, एवढेच सांगायचे लेखकमहाशय कसे विसरले, याचे नवल वाटले.

हाच सल्ला मानून मी बहिःस्थ एम.ए. केले. लघुप्रबंधाऐवजी एक सोपा पेपर घेता येत होता, तो मी आनंदाने घेतला. नेटही दुसऱ्या प्रयत्नात सुटली. पीएच.डी.साठी पेशवाईतील पाटीलकीचे तंटे हा विषय घेऊन मुलाखतीला गेलो, तेव्हा समितीतील एका प्राध्यापकांनी मोडी कागदाची एक छायाप्रत पुढे सरकवली. पानभर आडव्या रेघा आणि त्यांना लोंबणारी, एकमेकांत गुंतलेली अक्षरे. शब्द कुठे संपतो तेही कळेना. शेवटी त्यांनीच 'खमस सबैन मया व अलफ' एवढे वाचून दाखवले आणि हे काय असावे, असे विचारले. वादीचे नाव असावे, असे मी उत्तर दिले. कोणी हसले नाही, याचेच अधिक वाईट वाटले. अरबी संख्याशब्दांत पाच, सत्तर, शंभर आणि हजार, असा तो सुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतील कालगणनेचे वर्ष, 1175 होता. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1774-75 येते. नेटच्या दीडशे प्रश्नांना निदान चार पर्याय तरी दिलेले असतात.

पुढची दोन वर्षे मोडी गिरवण्यात गेली. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर ज्याला उघडायचे आहे, त्याला मोडी हवी. गोव्याच्या वसाहतकाळावर काम करायचे तर पोर्तुगीज हवी. उत्खननाची ओढ असेल, तर डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी पुरातत्त्वाचे एम.ए. करणे शहाणपणाचे. कोणत्या विभागात लिपी व भाषा शिकवतात, कुठे लघुप्रबंध खरोखर लिहून घेतात आणि तिथले मार्गदर्शक कोणत्या काळावर काम करतात, हे एम.ए.च्या प्रवेशापूर्वीच विचारायचे असते. लेखात यावर एक ओळ नाही. वसतिगृहांच्या सोयींवर मात्र अर्धा स्तंभ आहे.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत 'दुर्मीळ मोडी पत्र' म्हणून छापलेले छायाचित्र उलटे आहे. मोडीची अक्षरे रेघेखाली लोंबतात. आपल्या छायाचित्रात ती रेघेवर उभी आहेत. तीन वर्षांपूर्वी माझ्याही ते लक्षात आले नसते, हे प्रांजळपणे मान्य करतो.

आपला,
एक वाचक, सातारा
(नाव छापू नये, ही विनंती.)