आमच्या क्लबच्या मार्कर काकांना, मनापासून थँक्यू

काका नमस्कार,

तुम्ही जूनमध्ये गावी गेलात, त्याला आता चार महिने होतील. तुम्ही निघालात तेव्हा मी नेमका बाहेरगावी, त्यामुळे नीट भेट झालीच नाही आणि फोन केला की तुम्ही "आईची तब्येत कशी आहे, गुडघे दुखतात का अजून" यावर येता आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं. म्हणून लिहितोय आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण ज्या कामासाठी थँक्यू म्हणायचंय ते क्लबातल्या निम्म्या लोकांनी कधी बघितलंच नाही. रात्री साडेदहाला लाइट बंद करून सगळे घरी जायचे तेव्हा तुमचं ते काम, बॉल धुणं-पुसणं आणि टेबल नीट करणं, सुरू व्हायचं. नातीला सांगा वाचून दाखवायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या खोलीत स्कोअर ठेवणारा, बॉल स्पॉटवर (ठरलेल्या खुणेवर) लावणारा, टेबलला ब्रश आणि इस्त्री करणारा माणूस. आमच्या पुण्यातल्या जुन्या क्लबात काका एकतीस वर्षं मार्कर होते.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझा इन-ऑफ (व्हाइट दुसऱ्या बॉलला लागून खिशात जायचा शॉट) बिघडला होता ते आठवतंय ना? डी मधून (टेबलच्या एका टोकाला आखलेल्या अर्धवर्तुळातून) रेडवर हाफ-बॉल मारायचा, म्हणजे व्हाइटचा मध्य रेडच्या कडेवर धरायचा, आणि व्हाइट साधारण ३४ अंशात वळून खिशात. बिलियर्ड्स शिकणारा प्रत्येकजण हाच शॉट हजार वेळा मारतो कारण एकदा तो अँगल डोळ्यात बसला की अर्धा गेम त्याच्यावर उभा राहतो. माझा सोमवारी दहातले आठ जायचे आणि बुधवारी दहातले तीन. मी ब्रिज (क्यू, म्हणजे खेळायची काठी, टेकवायला टेबलवर ठेवलेला हात) बदलला, उभं राहायची पद्धत बदलली, टिप (क्यूच्या टोकाचं चामडं) नवीन बसवून घेतली, रात्री घरी आरशासमोर क्यू घेऊन हात सरळ जातो का बघत बसायचो, बायको म्हणाली आता झोपा. पंधरा दिवस असं चाललं. तुम्ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत होतात, काही बोलला नाहीत, आणि मग एका संध्याकाळी येऊन रेड उचललात, टेबलवरच्या लाइटखाली धरून हळूहळू फिरवलात आणि म्हणालात, "साहेब, हात तुमचा तोच आहे. बॉल बदललाय."

रेडवर निळ्या चॉकचे (टिपला घासतात तो खडू) दोन ठिपके होते आणि बाकी सगळीकडे धुरकट थर, लाइटची पट्टी त्याच्यात सरळ दिसायच्या ऐवजी पुसट दिसत होती. तेव्हा मी पहिल्यांदा बॉलकडे नीट बघितलं. दहा वर्षं खेळत होतो काका, आणि बॉलकडे कधी बघितलं नव्हतं.

मग तुम्ही जे समजावलंत ते मी नंतर वाचूनही काढलं आणि तुमचं बरोबर होतं. दोन बॉल एकमेकांना लागतात तो वेळ मिलिसेकंदापेक्षाही कमी, पण तेवढ्यात ते एकमेकांना घासतात. पृष्ठभाग स्वच्छ असेल तर घर्षण कमी आणि मुख्य म्हणजे रोज सारखं. त्यावर चॉक, कापडाचा धुरळा, हाताचा घाम, लोक हातावर मारतात ती टाल्कम पावडर, हे सगळं बसलं की घर्षण वाढतं, समोरचा बॉल व्हाइट चाललाय त्या दिशेने थोडा ओढला जातो, म्हणजे कट मारला (कडेला पातळ लावला) तरी जाडच, मध्याजवळ, लागल्यासारखा जातो, आणि व्हाइटची वाट पण बदलते. नेमक्या टेकायच्या जागी चॉकचा कण आला तर किक बसते, बॉल उडल्यासारखा होतो, आवाजच वेगळा येतो. म्हणून तर मोठ्या मॅचमध्ये खेळाडू रेफरीला बॉल पुसून मागतात आणि रेफरी आधी बॉलशेजारी खूण ठेवून जागा पक्की करतो, मगच बॉल उचलतो. टीव्हीवर ते बघताना मला वाटायचं उगाच वेळ काढतायत.

आता ती कार पॉलिशची गोष्ट लिहितो, तुम्ही कुणाला सांगितली नाहीत म्हणून मीच सांगतो. तुमचं काम हलकं करावं म्हणून मी गाडीच्या दुकानातून पॉलिशचा डबा आणला, तुम्ही रजेवर होतात, आणि एका दुपारी बिलियर्ड्सचे तिन्ही बॉल (व्हाइट, यलो, रेड) घासून आरशासारखे चमकवले. दुसऱ्या दिवशी कुणाचाच अँगल लागेना. व्हाइट रेडला लागून भलतीकडेच फाकायचा. तुम्ही आलात, एक शॉट मारलात, बोट लावून बघितलंत आणि ओळखलंत. त्या पॉलिशमधल्या मेणामुळे व्हाइट कापडावर पकडच घेत नव्हता, जेवढ्या अंतरात तो घसरायचा थांबून गडगडायला लागायला पाहिजे तेवढ्यात ते होत नव्हतं. हाफ-बॉलचा ३४ अंश गडगडणाऱ्या बॉलचा असतो, घसरत जाऊन लागला तर तो ६० च्या बाजूला जातो. आणि तो थर फक्त बॉलवर राहिला नव्हता, कापडावर पण आला होता, बॉल जायच्या वाटेवर पट्टे दिसत होते.

तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून तिन्ही बॉल तीन-तीन वेळा धुतलेत, आणि टेबलला चार दिवस रोज दोनदा ब्रश. त्या चार दिवसांत क्लबातले दोघं-तिघं तुम्हालाच बोलले की टेबल खराब ठेवलंय, आणि तुम्ही माझं नाव सांगितलं नाहीत. मला हे नंतर कळलं. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, आज म्हणतो, काका थँक्यू, आणि सॉरी.

त्यानंतर मी रात्री थांबायला लागलो. तुमची पद्धत जशी बघितली तशी लिहितो, म्हणजे कुणाला उपयोग झाला तर होईल. दोन टब, एकात साबणाचं कोमट पाणी, एकात साधं. एका वेळी एकच बॉल, हातात धरून मऊ कापडाने फिरवत धुवायचा, टबात टाकून ठेवायचा नाही. लगेच साध्या पाण्यातून काढायचा, लगेच पुसायचा, आणि पुसायला तुमचं ते धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर (मी मायक्रोफायबर आणून दिला तोही चालतो म्हणालात, पण शेवटचा हात धोतराचाच). गरम पाणी नाही, भांडी घासायची पावडर किंवा तारेची घासणी नाही, ॲसिटोन नाही, फर्निचरचं पॉलिश नाही. कधी डाग हट्टी असेल तर बॉलसाठीच बनवलेला क्लीनर असतो तो, तोही थोडाच, आणि परत कोरड्या कापडाने पूर्ण निघेपर्यंत पुसायचा. रोज फक्त कोरडं पुसणं, धुणं आठवड्यातून एकदा. शेवटी ट्यूबलाइटखाली धरायचा, लाइटची रेघ धारदार दिसली पाहिजे.

आणि टेबल. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. बॉल धुतले आणि कापड तसंच ठेवलं तर बॉल एका गेममध्ये परत तोच धुरळा गोळा करतो. बॉल्कपासून (डी असते त्या टोकापासून) वरच्या कुशनकडे, कापडाची लव (बारीक तंतू) जाते त्या दिशेनेच ब्रश, उलटा कधी नाही, मग इस्त्री, तीही कोमटच. पावसाळ्यात कापड दमट होऊन जड होतं, तेव्हा तुम्ही इस्त्री चुकवायचा नाहीत, ताप असला तरी.

पाण्यात बॉल टाकून ठेवायला तुम्ही एवढे का घाबरता हे मी एकदा विचारलं होतं. तुमच्या आधीच्या मार्करनी तुम्हाला हस्तिदंती बॉलांचं सांगितलेलं. हत्तीच्या सुळ्यातून मोजकेच बॉल निघायचे, आणि दमट हवेत ते ओल धरायचे, गोलाई जायची, तडे जायचे. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट या माणसाने १८६० च्या दशकात सेल्युलॉइडचे बॉल करायला घेतले ते हस्तिदंताला पर्याय म्हणूनच, पुढे १९०७ मध्ये बेकलाइट आलं, आणि आज आपण खेळतो ते बेल्जियमच्या आरामिथ ब्रँडचे, फिनॉलिक रेझिन नावाच्या प्लास्टिकचे. हे पाणी पीत नाहीत. तरी तुम्ही टबात सोडायचा नाहीत, आणि मीही आता सोडत नाही.

तुमची ती वही माझ्याकडे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येक बॉलचं वजन आणि व्हर्नियरने मोजलेला व्यास. ५२.५ मिलिमीटर, त्यात ०.०५ इकडेतिकडे चालतो. स्नूकरच्या (त्याच टेबलवरचा जास्त बॉलांचा खेळ) सेटमध्ये बॉलाबॉलात ३ ग्रॅमच्या वर फरक नको. स्नूकरमध्ये व्हाइट प्रत्येक शॉटला मार खातो म्हणून सगळ्यात आधी तोच झिजतो, हे तुमच्या वहीत आकड्यांमध्ये दिसतं, वर्षावर्षाने खाली येत गेलेलं. आणि शेजारी तुमच्या अक्षरात "दुसऱ्या सेटचा व्हाइट यात टाकू नये". एकतीस वर्षांत कुणी तुम्हाला ही वही ठेवायला सांगितली नव्हती. कमिटीत कुणी ती मागितलीही नाही.

तुम्ही विल्सन जोन्सचं नाव घेताना कायम कानाला हात लावायचात. पुण्यात जन्मलेला माणूस, १९५८ मध्ये कलकत्त्याला वर्ल्ड अमॅच्युअर बिलियर्ड्स जिंकला, वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय. नंतर १९६४ मध्ये परत. पंकज अडवाणीचाही जन्म पुण्याचाच हे कळल्यावर तुम्ही लहान पोरासारखे खूश झाला होतात. मला नेहमी वाटतं की असे लोक जिथे जिथे सराव करत असतील तिथे रात्री मागे थांबणारा कुणीतरी असणारच, बॉल पुसणारा. त्यांची नावं कुठल्या बोर्डवर नाहीत. आपल्या क्लबातल्या बोर्डवर पण तुमचं नाव नाहीये, मी ते कमिटीला लेखी दिलंय आणि मिळेपर्यंत मागत राहणार.

तुमच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, एकोणीस वर्षांचा, शिकायची इच्छा आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघं मिळून धुतो. पहिल्या दिवशी त्याने बॉल टबात सोडला आणि माझ्या तोंडातून तुमचंच वाक्य निघालं, "हातातून सोडू नको रे." माझा इन-ऑफ आता दहातले सात-आठ जातो, सोमवारी पण आणि बुधवारी पण, आणि चुकला तर माझंच चुकलंय हे कळतं, त्याचं मला खूप समाधान आहे.

एक विचारायचं होतं. दोन नंबरच्या सेटमधला यलो या महिन्यात वजनाला ठीक आहे पण हळू सोडला की शेवटी डावीकडे वळतो, टेबलच्या दोन्ही बाजूंनी बघितलं, लेव्हल तपासली, टेबल बरोबर आहे. मला वाटतं गोलाई गेलीय, पण सेट काढून टाकायच्या आधी तुमच्या हातात द्यायचाय. दिवाळीनंतरच्या शनिवारी येतो तुमच्याकडे, यलो घेऊन येतो, आणि ते धोतर आता अगदी विरलंय, घरात दुसरं जुनं असेल तर काढून ठेवा.

तुमचा,
दोन नंबर टेबलवाला