हरवलेली चावी गाडीतून रद्द करून घ्या

माननीय संपादक,

गाडीची रिमोट चावी हरवली की लोक नवी करून घेतात, गाडी सुरू झाली की निर्धास्त होतात. पण हरवलेल्या चावीची नोंद गाडीच्या इमोबिलायझरमधून (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेतून) काढली नसेल, तर ती ज्याला सापडेल त्याच्याही हातून इंजिन सुरू होते. गोव्यात हा धोका जास्त. इथे भाड्याने फिरलेल्या काळ्या पाटीच्या गाड्या पुढे खासगी म्हणून विकल्या जातात, आणि त्यांच्या चाव्या कोणाकोणाच्या हातांतून गेल्या हे घेणाऱ्याला कळत नाही.

नोंद काढणे अवघड नसते. बऱ्याच गाड्यांत प्रोग्रॅमिंग, म्हणजे गाडीत चावीची नोंद, करताना जुन्या सगळ्या चाव्या पुसून समोर असलेल्या चाव्या नव्याने नोंदवता येतात. म्हणून चावी करायला जाताना घरातली प्रत्येक चावी सोबत न्या. मागे राहिलेली चावीही बाद होईल. काम झाल्यावर नोंदवलेल्या चाव्यांची संख्या स्कॅनरवर (गाडीला जोडायच्या तपासणी यंत्रावर) दाखवायला सांगा. मात्र रद्द झालेल्या चावीचे पाते दरवाजा उघडतेच. चावी पत्त्याच्या कागदासकट हरवली असेल, तर कुलुपेही बदलावीत.

चिप आणि रिमोट या एकाच कवचातल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात न घेतल्याने फुकट खर्च होतो. चिपला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते. रिमोटने दारे उघडतात, पण इंजिन धरत नाही आणि डॅशबोर्डवर चावीचे चिन्ह लुकलुकते, तर चिपची नोंद तपासा. इंजिन सुरू होते पण बटण चालत नाही, तर आधी सेल बदला. बहुतेक चाव्यांत ३ व्होल्टचा सीआर २०३२ असतो. पुश-बटण गाडीत सेल संपला तर चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबावे, बऱ्याच गाड्या सुरू होतात.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे रिमोट घेताना फ्रिक्वेन्सी पाहा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना ४३३ मेगाहर्ट्झ लागते; ३१५ मेगाहर्ट्झचा रिमोट दिसायला हुबेहूब असला तरी चालणार नाही. भंगारातल्या चावीची चिप तर बहुधा आधीच्या गाडीशी कायमची बांधलेली असते, ती पुन्हा लिहिता येत नाही.

प्रोग्रॅमिंग अनेकदा फसते ते उतरलेल्या बॅटरीमुळे. पावसाळ्यात आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीवर थेट स्कॅनर लावू देऊ नका. बंद गाडीत बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्जर जोडावा. एसी, दिवे, म्युझिक बंद. जुन्या चाव्या पुसल्या आणि नवी लिहिण्याआधीच बॅटरीचा व्होल्टेज घसरला, तर एकही चावी चालत नाही आणि गाडी टो करून न्यावी लागते. चुकीचा पिन (चाव्या नोंदवताना लागणारा सुरक्षा-कोड) पुन्हा पुन्हा दिला की काही गाड्यांचे इमोबिलायझर ठरावीक वेळ कुलूपबंद होते. तेव्हा थांबावे, घाई करू नये.

कळंगुट-मिरामारला चावी खिशात ठेवून पाण्यात उतरलात, तर सेल लगेच काढा, सर्किट गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. मीठ राहिले तर सर्किटवरच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडून गंजतात. चिप सर्किटवरच नसून सुटी असेल, तर सर्किट गेले तरी ती बहुधा शाबूत असते. ती नव्या कवचात बसवली तर गाडी सुरू होते, चिपचे प्रोग्रॅमिंग लागत नाही.

जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या आणि चावीच्या कोडचा टॅग मागून घ्या. गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी साधारणपणे दोन्ही चाव्या मागते. चावी करणाऱ्या कारागिरांना माझी विनंती आहे, की आरसी आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय चावी करू नका, आणि बिलावर किती चाव्या पुसल्या, किती नोंदवल्या ते लिहून द्या.

— वाहन-वायरिंगचे काम करणारा एक वाचक, म्हापसा