कातडी घट्ट असते, माणूस कमी नसतो

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतो. मी सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत शिफ्टला आहे, वय चौतीस, लग्नाला तीन वर्षं झाली. पत्र छापलंत तर नाव छापू नका, कारण वाचलं की कळेलच.

तुमच्या आरोग्याच्या पानावर गुडघेदुखी, पित्त, केसगळती हे सगळं आलटून पालटून येत असतं आणि त्याच पेपरात मागच्या पानावर छोट्या जाहिरातींत 'पुरुषांच्या गुप्त समस्या, एका भेटीत खात्रीशीर इलाज, अमुक तारखेला अमुक लॉजवर भेटा' हेही येतं. मधलं काहीच नाही. मी त्या मधल्या रिकाम्या जागेत दोन वर्षं अडकलो होतो म्हणून लिहितोय.

स्पष्टच सांगतो. माझ्या लिंगाची पुढची कातडी मागे जात नव्हती. लहानपणापासून नाही जायची, पण मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं, विचारणार कोणाला, बापाला? मित्रांत थट्टा चालते पण खरं कोणी बोलत नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं, दुखायचं, आग व्हायची, एकदा बारीक चीर जाऊन रक्त आलं, मग मी घाबरून टाळायलाच लागलो, नाइट शिफ्ट मागून घ्यायला लागलो. बायकोला वाटलं मला ती आवडत नाही. आई गोड बातमी कधी म्हणून विचारायची. आणि मी जाहिरात वाचून एका लॉजवर गेलो, तिथे त्या माणसाने तपासलं सुद्धा नाही, 'लहानपणीच्या चुका' म्हणाला आणि साडेचार हजाराच्या पुड्या आणि तेल दिलं. तेलाने आग अजून वाढली.

शेवटी बायकोनेच ओढत युरोलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या आणि पुरुषांच्या अवयवांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन मिनिटात त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, याला फायमोसिस म्हणतात, कातडीचं तोंड अरुंद आहे, बाकी तुमच्यात काही कमी नाही. मग त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या बाहीचं बटण लावलं, कफ मुठीवरून मागे सरकवून दाखवला, सरकेना. 'बटण लावलेलं असताना जोर केला तर काय होईल? शिवण उसवेल. तुम्ही तेच करताय.' मला इतकं हलकं वाटलं की तिथेच हसू आलं.

आधी त्यांनी शुगर तपासायला लावली. का तर ज्याची कातडी आधी नीट मागे जायची आणि मोठेपणी अचानक घट्ट व्हायला लागली, चिरा पडतात, खाज येते, त्याला बऱ्याचदा डायबिटीस निघतो, आणि शुगरच्या काही गोळ्यांनीही तिथे बुरशी वाढते. माझी नॉर्मल आली. मग बीटामेथासोनचं मलम दिलं, सकाळ संध्याकाळ फक्त त्या घट्ट कड्यावर पातळसं लावायचं, कोमट पाण्याने आंघोळ करताना कातडी हळू मागे न्यायची, ताण जाणवेल तिथे थांबायचं, दुखेपर्यंत नाही, आणि झालं की परत पुढे आणायची. सहा आठवडे. चौथ्या आठवड्यात फरक कळला. मलमाला शंभराची नोट पुरली, आणि मी लॉजवर साडेचार हजार घालून आलो होतो. पण हे मलम स्टेरॉइडचं आहे, मेडिकलमधून आपल्या मनाने आणून लावू नका, बुरशी असेल तर वाढते.

सगळ्यांचं मलमाने भागतं असंही नाही. कातडी पांढरी, कडक, जून झालेली असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं, कधी छोटासा काप देऊन तोंड मोठं करतात, कधी सुंता. आपल्याकडे सुंता म्हटलं की लोकांना आधी धर्म आठवतो, डॉक्टरांना टाके आठवतात. त्यानंतर चार ते सहा आठवडे संबंध बंद, एवढंच काय ते पथ्य.

आता जे कोणी सांगत नाही ते. या सहा आठवड्यांत नवरा-बायकोने काय करायचं? मी लाजत विचारलं, बायको शेजारीच होती. डॉक्टर म्हणाले चीर पडली असेल तर भरेपर्यंत संबंध नको, नसेल तर जे दुखत नाही ते करा, कातडी पुढेच राहू द्या, जोराने मागे ढकलू नका, दुखलं की थांबा आणि दुखलं हे बोलून सांगा. वंगणाची जेल पाण्याची घ्यायची, खोबरेल किंवा व्हॅसलीन नाही कारण त्याने रबराचा कंडोम फाटतो, मलमाच्या तेलकटपणाचंही तेच, म्हणून आधी धुवून घ्यायचं. धुताना नुसतं पाणी, साबण घासायचा नाही. आणि जवळ येणं म्हणजे एकच एक गोष्ट असं काही नसतं, हात आहेत, कुशीत झोपणं आहे. आम्हाला खरं तर त्या दीड महिन्यातच एकमेकांशी बोलायची सवय लागली. बायको म्हणाली, कासार बांगड्या भरतो तेव्हा हात ढिला सोडा म्हणतो, ओढाओढ करतो का कधी?

एक मात्र खरंच घाईचं आहे. कातडी मागे गेली आणि पुढे येईना, मण्यामागे, म्हणजे लिंगाच्या पुढच्या गोल टोकामागे, कड्यासारखी अडकून सूज आली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. रक्तपुरवठा अडतो. लाजेपायी तासन् तास घालवू नका.

आणि बाळांचं. बाळाची कातडी चिकटलेली असणं नॉर्मल आहे, वाढत्या वयात आपोआप सुटते, काहींची तर पार वयात येईपर्यंत. आमच्याकडे मालिशवाल्या बाया तेल लावून मागे ओढतात ना, त्याने चिरा पडून व्रण होतो आणि मग खरंच घट्ट होते. लघवी करताना कातडीला फुगा येत असेल, त्रास होत असेल तर डॉक्टरला दाखवा, ओढू नका.

हे दुखणं काही आजचं नाही. सुश्रुतसंहितेत याला निरुद्धप्रकश म्हटलंय आणि उपाय सांगितलाय तो तूप लावलेली नळी घालून दर तीन दिवसांनी थोडी जाड करत नेण्याचा (घरी करून बघू नका, कृपया!). म्हणजे जोर करायचा नाही हे तेव्हाही माहीत होतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये लैंगिक शिक्षणासाठी समाजस्वास्थ्य हे मासिक काढलं, वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून खटला भरला गेला, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. आंबेडकर. आज तुमच्यावर कोण खटला भरणार आहे? आठवड्याला अर्धा कॉलम द्या, एखाद्या युरोलॉजिस्टला लिहायला सांगा. लॉजवाल्यांच्या जाहिराती बंद करा असं मी म्हणत नाही, तुमचा धंदा आहे, पण त्याच पानावर त्यांच्या शेजारी हे छापा.

पाठवायच्या आधी पत्र बायकोने वाचलं. दोन वाक्यं तिने खोडली, कासाराचं राहू दे म्हणाली.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक