सर, त्या पाठकोऱ्या कागदासाठी

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

परवा एमएस्सीचा सेमिनार झाला. तुमचे आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे उघड पत्र.

तयारी करताना माझ्या पहिल्याच स्लाइडवर लिहिलं होतं : वजन नाहीसं झालं की एन्झाइम सैल पडतं, म्हणून अवकाशात डीएनएची नक्कल करताना चुका वाढतात. ते वाचून तुम्ही हसला नाहीत. कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलंत आणि विचारलंत, "या रेणूचं वजन किती गं?"

रेणू होता क्लेनॉव तुकडा, म्हणजे ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनए पॉलिमरेजचा (डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमचा) मोठा भाग, 68 हजार डाल्टनचा (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक). त्याला एक मायक्रॉन वर उचलायला किती ऊर्जा लागेल, ते तुम्ही मलाच काढायला लावलंत. शेजारी खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा, म्हणजे आजूबाजूचे रेणू ज्या ऊर्जेने धडका देतात ती, मांडली. दोनदा माझे शून्य चुकले, दोनदा तुम्ही काही न बोलता पेन परत हातात दिलंत. औष्णिक ऊर्जा उचलण्याच्या ऊर्जेच्या किती पट, हा भागाकार आला सुमारे 37 लाख! पाण्याचे धक्केच इतके जबर, की त्या रेणूला वर काय नि खाली काय.

पण क्वीन्स विद्यापीठाच्या कॅनेडियन संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं होतं, की पॅराबोलिक उड्डाणात (विमान कमानीसारखं वर-खाली नेऊन थोडा वेळ वजनरहित अवस्था मिळवतात त्यात) हाच तुकडा जमिनीवरच्यापेक्षा जास्त चुका करतो. मी रडकुंडीला आले. तुम्ही म्हणालात, "गणितही बरोबर, निरीक्षणही बरोबर असेल. मधलं काय राहिलं ते बघ."

मधलं बरंच होतं. वजनरहित अवस्थेत गरम झालेला द्रव वर चढत नाही, बुडबुडे जागच्या जागी राहतात. शिवाय विमान थरथरतं. वजनरहित अवस्था मिळते जेमतेम 20 सेकंद, आणि तिच्या आधी-नंतर वजन जवळजवळ दुप्पट. हे एन्झाइम सेकंदाला डीएनएची 10-20 अक्षरं जोडणारं, म्हणजे एका झेपेत फार तर 400.

परीक्षकांनी कारण विचारलंच. मी म्हटलं, "चुका वाढलेल्या दिसल्या हे मान्य, पण एन्झाइम सैल पडतं असं मी म्हणणार नाही," आणि फळ्यावर तो भागाकार मांडला. या वेळी शून्य चुकले नाहीत, सर.

ते पान माझ्या वहीत आहे. बुडबुड्यांचं गणित अर्धंच राहिलंय, रविवारी सकाळी येते.

आपली विद्यार्थिनी