कर्करोग्याच्या मूत्रपिंडांचीही विचारपूस व्हावी

महोदय,

कर्करोगावरील नव्या औषधांची माहिती आपल्या दैनिकातून नेहमी वाचायला मिळते. मात्र कर्करोग शरीरात अन्यत्र असताना मूत्रपिंडे कशी खालावत जातात, याविषयी सर्वसामान्य घरांत फारशी जाणीव नाही. आमच्या घरातही ती नव्हती आणि त्याची किंमत माझ्या थोरल्या वहिनींनी मोजली, म्हणून हे पत्र.

वहिनींना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला. चिपळूणजवळच्या गावाहून त्या उपचारांसाठी मुलुंडला आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या पायांवर सूज होती, अन्नाचा वास नकोसा झाला होता आणि लघवी दिवसातून जेमतेम दोनदा होत होती. दुखणे मोठे आहे, अशक्तपणा असायचाच, अशी आम्ही स्वतःची समजूत घालून घेतली. गावाकडे केलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘दोन्ही किडन्यांना सूज’ असा उल्लेख होता. त्याचा अर्थ तिथे कोणी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही. मुंबईत रक्त तपासले, तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातला टाकाऊ घटक, साडेसहा, म्हणजे कितीतरी जास्त निघाला.

मूत्रपिंडांतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या गर्भाशयमुखाच्या अगदी जवळून जातात. तिथली गाठ वाढली की त्या दाबल्या जातात, लघवी वर तुंबते आणि ज्या मूत्रपिंडात कर्करोगाचा लवलेशही नाही, ते फुगून निकामी होऊ लागते. प्रोस्टेट, मूत्राशय आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही हे घडते. एकच बाजू तुंबली असेल, तर दुसरे मूत्रपिंड काम ओढून नेते. लघवी नेहमीसारखी होत राहते आणि रोग्याला काही जाणवतही नाही. वहिनींच्या पाठीतून दोन्ही मूत्रपिंडांत नळ्या घालून लघवी बाहेर पिशव्यांत काढण्यात आली आणि काही दिवसांत क्रिएटिनिन उतरले. पण मूत्रपिंडांची पूर्ण शक्ती परत आली नाही. या कर्करोगात रेडिएशनच्या जोडीला सहसा दर आठवड्याला दिले जाणारे सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध त्यामुळे त्यांना देता आले नाही, दुसऱ्या औषधावर भागवावे लागले. ती सोनोग्राफी आम्ही वेळीच कोणाला तरी दाखवली असती तर, हा विचार आजही मन पोखरतो.

रुग्णालयाच्या बाकावर साताऱ्याकडचे एक काका भेटत. कंबर दुखते म्हणून त्यांनी कित्येक महिने औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेतल्या होत्या. निदान झाले ते मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगाचे. या आजारात रक्तात वाढणारी विशिष्ट प्रथिने मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांत गोठून बसतात आणि हाडांतून सुटलेले कॅल्शियम त्यात भर घालते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटवतात. पन्नाशी-साठीनंतर न हटणारी कंबरदुखी, कमी हिमोग्लोबिन आणि वाढते क्रिएटिनिन एकत्र दिसले, तर ते केवळ वयाचे दुखणे मानू नये, एवढे जरी घराघरांत पोहोचले तरी पुष्कळ होईल.

उपचारांचाही भार मूत्रपिंडांवर पडतो. सिस्प्लॅटिन त्यांच्या नलिकांना इजा करते, म्हणूनच त्याच्या आधी व नंतर सलाइन देतात. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) किंवा वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कर्करोगात) पहिल्याच औषधाने असंख्य पेशी एकदम फुटतात; त्यांतून निघणारे युरिक ॲसिड, पोटॅशियम आणि फॉस्फेट यांचा लोंढा एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे बंद पाडू शकतो. आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा उमगली. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. रोगी वाळून गेलेला असेल, तर मूत्रपिंडे खालावलेली असतानाही तो आकडा बरा दिसतो. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नये. वय आणि वजन धरता मूत्रपिंडे प्रत्यक्षात किती काम करतात, हे डॉक्टरांना विचारावे.

आता पाण्याविषयी. केमोनंतर उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडते आणि बहुतेकांना भरपूर पाणी प्यायला सांगितलेले असते. (लघवी अडलेल्या किंवा अंगावर सूज असलेल्या रोग्याने मात्र डॉक्टरांनी ठरवून दिले असेल तेवढेच प्यावे.) परंतु बदलापूर-कसाऱ्याहून परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या बायका लोकलमध्ये शौचालय नाही आणि स्थानकावरच्या शौचालयात पाय ठेववत नाही म्हणून घरातून निघताना पाणीच पीत नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात हा प्रवास कोरड्या घशाने करणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत आणि मला हे असह्य वाटते. परळ, दादर, प्रभादेवी या स्थानकांवर आणि टाटा रुग्णालयाच्या परिसरातील रस्त्यांवर रात्रंदिवस स्वच्छ, पाणी असलेली शौचालये ठेवणे, ही रेल्वे व महापालिकेने रुग्णसेवा म्हणूनच पाहावी अशी बाब आहे.

रुग्णालयांकडेही एक विनंती आहे. कर्करोग्याच्या फायलीच्या पहिल्याच पानावर मूत्रपिंडांची स्थिती, टाळायच्या वेदनाशामक गोळ्यांची नावे आणि कोणती लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे, हे सोप्या मराठीत लिहून द्यावे. लघवी कमी होणे, पाय सुजणे, सारखी तहान लागणे, गुंगी येणे, या चार गोष्टी जरी तिथे लिहिलेल्या असत्या, तरी आम्ही वहिनींना घेऊन पंधरा दिवस आधी मुंबईत आलो असतो.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई